बायकांच्या बाजूला

जुनं थेटर पाडून तिथंच बांधलेल्या नव्या थेटरात काल लेकानं मला नेलं. पॉपकॉर्नचा वास सुटला होता, मला मात्र भाजक्या शेंगा आठवल्या.

लग्नानंतरचा आमचा पहिला सिनेमा याच जागेवर पाहिला. तेव्हा बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसायचे, मध्ये लाकडी फळ्यांचा आडोसा. हे गिरणीतून थेट आलेले, केसांत कापूस तसाच. मध्यंतरात ह्यांनी डोअरकीपरच्या हाती शेंगांची पुडी धाडली. त्यानं ती उंच धरून हाळी दिली, "वळसंगची नवी नवरी कोण हाय?" बायकांची अख्खी बाजू हसली. मी लाजून चूर.

घरी जाताना हे म्हणाले, "शेवटी लई रडलीस की."

"अंधारात तुमाला कुटं दिसलं?"

"डोळ्याला पदर लावलास, की बांगड्या वाजायच्या."

"एवढ्या बायकांत माझ्याच?"

"व्हय. तुझ्याच."

काल मी पुन्हा रडले. लेक अगदी शेजारी, कोपराला कोपर लावून बसला होता. मी पदरानं डोळे पुसले. हे गेल्यापासून माझे हात मोकळेच असतात. लेकाला काहीच ऐकू आलं नाही.