सासूबाईंनी आज अख्खा धवला गायला

मंडळी, आज सकाळी गडबला, माझ्या सासरच्या गावी, शेजारच्या हळदीत माझ्या सासूबाईंनी अख्खा धवला गायला. दोन वर्षांनी! रोह्याला घरी परत आले तरी डोळे ओलेच आहेत, म्हणून तुम्हाला सांगतेय.

आमच्याकडे लग्नात धवलारीण जी गाणी म्हणते, ते धवले. सासूबाई पंचक्रोशीत नावाजलेल्या धवलारीण. पण खोकल्यामुळे त्यांचं गाणं मध्येच अडायला लागलं. लाजून त्यांनी लग्नांना जाणंच सोडलं.

पेणच्या डॉक्टरांनी विचारलं, "चुलीवर किती वर्षं स्वयंपाक करताय?"

"लग्न झाल्यापासून."

ते म्हणाले, "औषध देतो, पण आधी तो धूर बंद करा."

सासूबाई कुठल्या ऐकायला! "गॅसवरच्या भाकरीला चव नाय गो." शेवटी सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने घरातली चूल मोडली. म्हणाले, "चव गेली तर चालंल, तुझा आवाज जायला नको."

वर्षभरात खोकला हळूहळू कमी झाला. आज त्या गात होत्या, तेव्हा सासरे मांडवाच्या कडेला उभे राहून ऐकत होते.

मी विचारलं, "आई, दम नाय लागला?"

"नाय गो. अजून चार म्हणंन."

मग नवरीला जवळ घेऊन म्हणाल्या, "सासरी चूल असली तर अंगणात मांडायला सांग. धुरात बसू नको, पोरी."

तुमच्या घरी अजून कोण धुरात बसून तुमच्यासाठी भाकऱ्या भाजतंय?