फोटोच्या दोन्ही बाजूंना स्पीकर

कुणाच्या हाती ही पानं पडलीच तर माफ करावं. माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच.

लेकीनं येरवड्याच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, लहान मुलींचा नाचाचा क्लास काढला. माझ्या नणंदेनं उसने पैसे दिले, त्यातून दोन मोठे स्पीकर आले. स्टँडवर होते तोवर आवाज छान मोकळा यायचा, पण नाचताना मुली त्यांना अडखळायच्या. म्हणून ते भिंतीवर लावायचं ठरलं.

बाहेरच्या जाड भिंतीवर बुद्धांचा फोटो आहे. तिथे दुसरं काही ठोकायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. राहिली स्वयंपाकघराकडची पातळ भिंत. फिटरनं तिच्या कोपऱ्यांत ब्रॅकेट मारले. पलीकडे माझी भांड्यांची मांडणी आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गाणं लागलं आणि ताटं-वाट्या थडथडू लागल्या. खोलीत नुसता घुमारा. ठेका कुठला, भांडी कुठली, कळेना. मुलींचे पाय चुकायचे. मी आत पातेली धरून उभी.

नणंद बघायला आली. म्हणाली, "वहिनी, नाच चाललाय की पंगत वाढताय?"

लेक हसली नाही. दोन मुली क्लास सोडून गेल्या होत्या. म्हणाली, "आत्या, असंच चाललं तर क्लास बंद करते. स्पीकर विकून तुझे पैसे देते."

फिटरला परत बोलावलं. त्यानं भिंतीवर थाप मारून पाहिली. "ही भिंतच वाजतेय, ताई. त्यात कोपरा, म्हणून आवाज आणखी घुमतो. ती जाड भिंत द्या."

सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. परक्या माणसासमोर मी बोलत नाही, पण तोंडातून निघून गेलं, "फोटो मधेच राहू दे. दोन्ही बाजूंना लावा. पोरी नाचल्या तर बुद्धांना कसली अडचण?"

त्यानं कोपरे सोडून, ब्रॅकेटमागे रबर घालून स्पीकर लावले, तोंडं जरा खाली झुकवली. गाणं लागलं. एकेक ठेका सुटा ऐकू आला. आत वाटीसुद्धा हलली नाही.

गेलेल्या मुली परत आल्या, आणखी आल्या. लेक दर महिन्याला आत्याला थोडे थोडे देत राहिली, आणि मी काटकसर म्हणून तिला चहा छोट्या कपात. परवा शेवटचे दिले. नणंदेनं नोटा न मोजताच पर्समध्ये टाकल्या.

"फिटले हं सगळे," ती म्हणाली. "वहिनी, आता तरी चहा मोठ्या कपात द्या."