एकदाच केलेलं वाईट काम

नगरपालिकेत खड्डे बुजवणाऱ्या गँगच्या मुकादमाला सगळे ‘पक्के’ म्हणत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं पुकारलं जायचं, आणि तेव्हाही गँगमधलं कुणीतरी हळूच विचारायचं, हे कोण बुवा? कामावर उठता-बसता ‘पक्कं झालं का?’ असं विचारायची त्यांना खोड होती. त्या खोडीचंच पुढे नाव झालं.

खड्ड्यात डांबर-खडीचा माल ओतला की खड्डा बुजला, असं ज्याला वाटत असेल त्याने पक्केंच्या हाताखाली एक दिवस काढून बघावा. आधी खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या कापायच्या. मग आतली धूळ नुसती झाडायची नाही, तारेच्या ब्रशने घासून काढायची. ओल असेल तर ती सुकेपर्यंत हात लावायचा नाही, मग डोक्यावर इंजिनिअर येऊन उभा राहू दे नाहीतर नगराध्यक्ष. तळाला आणि कडांना पातळ डांबर, त्यावर वाफाळता माल, आणि वर रोलर. एवढं करूनही पक्केंचं समाधान होत नसे. काही दिवसांनी ते मुद्दाम त्या रस्त्याने जात आणि पॅचवर बुटाची टाच दाबून बघत. टाच रुतली नाही तरच घरी गेल्यावर जेवण गोड लागायचं. बायको म्हणायची, बाहेर पडलं की हा माणूस माझ्याकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त बघतो. एकदा ती नव्या साडीबद्दल बराच वेळ बोलत राहिली आणि वळून बघते तर नवरा मागच्या वळणावर उकिडवा बसलेला.

त्यांच्या कामाचं सगळ्यात जास्त कौतुक दाजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला. दाजींनी उभा जन्म पिठाची गिरणी चालवली होती. दळणाबरोबर थोडं थोडं पीठ त्यांच्या छातीतही जात राहिलं, आणि म्हातारपणी त्याचा हिशेब झाला. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मग ते रस्त्याकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, “आमच्या मेहुण्याचा पॅच उखडलेला दाखवा, मी मिशी काढतो.” मिशी भरघोस होती, आणि अजून शाबूत होती.

ताई पक्केंपेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा तिनेच या भावाला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत पोचवलं, आणि शाळा झेपेना तेव्हा हाताला धरून नगरपालिकेत कामाला चिकटवलं. इतक्या वर्षांत तिने भावाकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. तिच्याच घरासमोरचा रस्ता वर्षानुवर्षं चाळण झालेला होता, तरी त्याबद्दलही कधी बोलली नाही. पक्केंनाच लाज वाटायची. पण कुठला रस्ता घ्यायचा हे मुकादम ठरवत नाही, आणि मोठ्या चौकाच्या मागे पडलेला तो रस्ता यादीत कधी यायचाच नाही. एक मात्र खरं की त्या खड्ड्यांच्या कृपेने तिथे ट्रक फिरकत नसत. धुरळा कमी, गोंगाट कमी, आणि दाजींची खिडकी दिवसभर उघडी.

मग मोठ्या चौकात हवा मोजायचं यंत्र बसलं. खांबावर एक पाटी आणि तिच्यावर पेटते आकडे. हवा बरी असली की हिरवे, बिघडली की लाल. ते पहिल्या दिवसापासून जे लाल झाले ते लालच राहिले. वर्तमानपत्रात फोटो आला, वरून विचारणा झाली, आणि नगरपालिकेची झोप उडाली. सभेवर सभा झाल्या. ट्रक दिवसा गावाबाहेर थांबवावेत असं एकाने सुचवलं, तर व्यापारी अंगावर आले. झाडं लावायचं ठरलं, पण झाडं काही निवडणुकीच्या आत मोठी होत नाहीत. शेवटी एका सदस्याला युक्ती सुचली. ट्रक मोठ्या चौकातून न नेता मागच्या रस्त्याने न्यायचे. यंत्र मोठ्या चौकात होतं, मागच्या रस्त्यावर नव्हतं. बाकं वाजवून ठराव मंजूर झाला. त्याआधी रस्ता तेवढा ट्रकजोगा करून घ्यायचा, आणि ते काम साहजिकच पक्केंच्या गँगकडे आलं.

बातमी कळली त्या दिवशी ताईने भावाला बोलावून घेतलं. दाजींचा डोळा लागला होता. ताईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, ओट्याला पाठ लावून उभी राहिली, आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पक्केंनीच सुरुवात केली, की मी इंजिनिअर साहेबांशी बोललो, पण ठरावापुढे त्यांचंही काही चालत नाही. ताईने ते ऐकलं न ऐकलं केलं.

“अरे, रस्ता खराब होता म्हणून ट्रक येत नव्हते ना?”

“हो.”

“मग तो खराबच राहू दे. तू नाही म्हटलंस तर दुसरा कुणी करेल, ते कळतं मला. तूच कर. पण एकदाच वाईट कर.”

ताई म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, यांना आता धूर सोसायचा नाही. मी कधी तुझ्याकडे काही मागितलंय का? एवढं ऐकून पक्केंनी होकाराची मान हलवली. त्या क्षणी तिने जीव मागितला असता तर तो देणंही त्यांना सोपं गेलं असतं.

काम सुरू झालं. कडा कापायला निघालेल्या गड्याला पक्के म्हणाले, राहू दे. ब्रश हातात घेतलेल्याला म्हणाले, वेळ नाही, वरवर झाड. खड्ड्यांत ओल होती, तिच्यावरच माल पडला, आणि मालाची वाफ जाऊन तो गार होईस्तोवर पक्के रोलर थांबवून टपरीवर चहा पीत बसले. रोलरवाल्याने दोनदा विचारलं, अजून एक फेरी मारू का? पक्के म्हणाले, चालतंय. गँगमधल्या माणसांनी एकमेकांची तोंडं पाहिली. ‘चालतंय’ हा शब्द त्यांनी या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता. खिडकीतून दाजी हात हलवत होते. पक्केंनी पाठ फिरवली. त्या रस्त्यावर ते टाच दाबायला काही गेले नाहीत.

पॅच महिनाभरही टिकले नाहीत. इथवर ताईच्या मनासारखं झालं. पुढचं मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि पक्केंच्या तर मुळीच नाही. ट्रकवाले पूर्वी खड्डे टाळायचे, कारण त्यांना दुसरा रस्ता होता. आता मोठ्या चौकाच्या तोंडाशी पोलीस उभा होता, आणि तिकडे वळणाऱ्या ट्रकला दंड होता. खड्डे असोत नाहीतर विहिरी, ट्रक मागच्या रस्त्यानेच जाणार. ते आले, एकामागून एक. खड्ड्यात आदळत, पुन्हा जोर लावून बाहेर येताना काळ्या धुराचा लोट सोडत, आणि उखडलेल्या मालाची चाकांखाली पूड करत. धूर तर आलाच, वर धुरळाही आला. ताईने खिडक्यांना ओली कापडं लावली, ती दुपारपर्यंत करडी व्हायची. दाजींना एका सकाळी उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून ते घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. आणि मोठ्या चौकातले आकडे हिरवे झाले. नगराध्यक्षांनी पाटीखाली उभं राहून हसरा फोटो काढून घेतला.

ताईने भावाला बोल लावला नाही. तिने बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती स्वतःलाच खात होती, आणि ते पक्केंना बघवत नव्हतं.

पक्के इंजिनिअर साहेबांकडे गेले, रस्ता परत करू द्या म्हणाले. साहेब माणूस भला. त्यांनी समजावून सांगितलं की दुरुस्त झालेला रस्ता दोन वर्षं पुन्हा हाती घेता येत नाही. काम सदोष ठरलं तरच घेता येतो, आणि सदोष म्हटलं की दोष कुणाच्या तरी माथी मारावा लागतो. ट्रकांच्या माथी मारता येणार नाही, ते आपणच पाठवलेत. “तुमच्या कामाला सदोष म्हणायला माझी जीभ रेटत नाही,” साहेब म्हणाले. “माल खराब आला असेल. मी डांबर प्लँटवाल्याला विचारतो.” प्लँटवाला बिचारा रोज चटके सोसत गरम माल पाठवणारा माणूस. पक्के तसेच बाहेर आले.

त्या आठवड्याच्या सभेला रस्त्यावरचे रहिवासी तक्रार घेऊन गेले. दाजीही हट्टाने गेले, नळी आणि ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन रिक्षात बसले. ताईने पाठीला आधार दिला होता. पक्केंना गँगचा मुकादम म्हणून बोलावलंच होतं. ते मागच्या दारापाशी उभे राहिले.

एका सदस्याने सरळ विचारलं, काम केलं कुणी? नाव कळल्यावर तो म्हणाला, मग या मुकादमाने पाट्या टाकल्या असतील. दाजी खुर्चीला धरून उठले. एवढ्या मोठ्या दालनात त्यांच्या श्वासाची शीळ सगळ्यांना ऐकू येत होती.

“तो माझा मेहुणा आहे,” दाजी म्हणाले. थांबले. “त्याचा पॅच उखडत नाही.” परत थांबले. “तुमचा मालच खराब होता.”

दालनात कुजबुज झाली. इंजिनिअर साहेबांनी हळूच मान डोलावली. गप्प राहिलं असतं तर सगळं पार पडत होतं. दोष प्लँटवाल्यावर जात होता, रस्ता पुन्हा होत होता, आणि दाजींची मिशी जागेवर राहत होती. पण पक्के मधल्या वाटेने पुढे आले.

“माल चांगला होता. काम मी वाईट केलं.”

नगराध्यक्षांनी विचारलं, म्हणजे चूक झाली?

“चूक नाही. मुद्दाम केलं.”

का, म्हणून सगळीकडून विचारणा झाली. ताई उठायला लागली. पक्केंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की ती बसली. त्यांनी कारण सांगितलं नाही. दाजींकडे त्यांना बघता आलं नाही, पण दाजी खाली बसले ते त्यांना कळलं, कारण शीळ थोडी खालून यायला लागली.

काम सदोष ठरलं. रस्ता दुसऱ्या गँगने, दुसऱ्या मुकादमाच्या हाताखाली पुन्हा केला. पक्केंची मुकादमी गेली. त्यांना मोठ्या चौकातल्या दुभाजकाला काळे-पिवळे पट्टे मारायला लावलं, बरोबर त्या पाटीखाली. दिवसभर डोक्यावर हिरवे आकडे जळत असायचे. ट्रकांबद्दल त्या सभेत कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि ते अजूनही मागच्याच रस्त्याने जातात.

कितीतरी दिवस पक्केंचा ताईच्या घराकडे पाय वळला नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी बायकोने ढकललं तेव्हा गेले. दाजी खिडकीत होते. खिडकी बंद होती, काचेतून बघत होते. ताईने नवऱ्याला सगळं सांगून टाकलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. पक्के समोरच्या स्टुलावर टेकले. बाहेरून ट्रक गेला आणि काचा थरथरल्या.

“मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं, चांगलंच कर,” दाजी म्हणाले. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. “माझा श्वास गिरणीनंच खाल्ला होता. या घरात तुझं काम तेवढं धड होतं रे.”

ताई आत निघून गेली. आत भांड्यांचा आवाज आला नाही, नळ सुटला नाही, काहीच नाही. पक्केंनी दाजींच्या पायांना हात लावला. दाजींनी पाय मागे घेतले नाहीत, आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “बाहेरचा पॅच बरा केलाय का बघ. मला इथून कळत नाही.”

पक्के रस्त्यावर गेले. ट्रक नाही असं पाहून मधोमध उभे राहिले आणि टाच दाबली. रुतली नाही. त्यांनी मान वर केली. काचेमागे दाजी वाट बघत होते. पक्केंनी हाताने खूण केली, पक्कं आहे. दाजींनी मान डोलावली, आणि मागून ट्रकचा हॉर्न वाजला म्हणून पक्के बाजूला झाले.