काळा किमोनो

त्या हिवाळ्यात मेलबर्न इतकं गप्प होतं की शेजारच्या अंगणातला ठिबकणारा नळसुद्धा माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. लॉकडाउनमुळे ऑफिस घरातच आलं होतं. सकाळी चहा घेऊन मी खिडकीशी उभी राहायचे. आमच्या क्लेटन उपनगरातल्या त्या बैठ्या घरांवर धुकं उतरलेलं असायचं, आणि बुटक्या कुंपणापलीकडे, लिंबाच्या झाडाखाली, शेजारची म्हातारी फिरत असायची. अंगात काळा रेशमी किमोनो. लांब बाह्या दवात भिजायच्या. ती चालते आहे की तरंगते आहे, कळायचं नाही.

पण त्या किमोनोवर नक्षी नव्हती. छातीवर आणि पाठीवर फक्त छोटी पांढरी कुलचिन्हं. तसला किमोनो मयतालाच घालतात. मला माहीत होतं, कारण माझी आई जपानी आहे. लग्न करून ती वसईला आली, कोळणीशी घासाघीस करण्याइतकं मराठी शिकली, आणि डॅडी गेले तेव्हा चर्चमध्ये पहिल्या बाकावर तसाच किमोनो घालून बसली. आमच्या वसईच्या ख्रिश्चनांत मयताला काळं घालतातच, त्यामुळे बाकी कुणाला ती वेगळी वाटली नाही. मला वाटली. तेवढा एक दिवस ती पूर्णपणे तिच्या देशाची होती.

आणि इथे ही बाई तसल्याच किमोनोच्या बाहीत चिमटे ठेवून कपडे वाळत घालत होती.

तिला सांगावंसं वाटायचं. पण सांगणारी मी कोण? मला जपानी जेमतेम येतं. ऑफिसातले मला नेपाळची समजतात, आणि जपानी दुकानातली बाई माझ्याशी इंग्लिशच बोलते.

एकदा तिनेच कुंपणापाशी हाक मारली. "रेशीम बघ किती छान आहे! जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळाला."

"तो मयताला घालतात," मी मास्कआडून म्हणाले. "माझ्या आईने वडिलांच्या मयताला घातला होता."

तिचा हात गळ्याशी गेला. "सॉरी, डार्लिंग. मला खरंच माहीत नव्हतं." ती आत निघून गेली.

मग ती जाड गुलाबी गाऊनमध्ये यायची, कपडे वाळत घालायची आणि लगेच आत जायची. फिरणं बंदच झालं. माझं काही चुकलं नव्हतं, तरी चैन पडेना. शेवटी आईला व्हिडिओ कॉल केला.

"तू तिला ओरडलीस?" आई बोंबील निवडत होती.

"नाही गं. फक्त सांगितलं."

"बरं केलंस. कळलेलं बरं असतं." तिने एक बोंबील बाजूला ठेवला. "तुला मी निळा युकाता दिलाय ना? तो दे तिला. आनंदाने घालायचाच कपडा आहे तो."

युकाता म्हणजे उन्हाळ्यातला साधा सुती किमोनो. इतकी वर्षं माझ्या बॅगेतच पडून होता. माझ्या आईचा आहे, तुम्ही घाला, असं म्हणून मी तो कुंपणावरून पुढे केला. म्हातारीने काठावरून बोट फिरवलं आणि परत दिला.

"आईचा आहे हा. तू का घालत नाहीस?"

"माझ्या अंगावर खोटा वाटेल."

"कोणाला?"

मी युकाता घेतला आणि विषय बदलला. काळ्या किमोनोचं काय केलं, विचारलं. घडी करून ठेवलाय म्हणाली, टाकवत नाही.

हवा उबदार झाल्यावर एका रविवारी आईने फोनवरून मला युकाता घालायला शिकवलं. डावी बाजू वर, बाळा, उजवी आत. कॉल चालूच ठेवून, फोन हातात धरून मी अंगणात आले. कोवळं ऊन होतं, आणि सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं संथ. समोरच्या घराच्या व्हरांड्यातून एक माणूस ओरडला, "नाइस कॉस्च्युम, मेट!"

मी दाराकडे वळले. आत पळावंसं वाटलं.

"कॉस्च्युम नाही तो!" कुंपणापलीकडून म्हातारी कडाडली. "तिच्या आईचा आहे!"

तो माणूस सॉरी म्हणून आत गेला.

"कोण ओरडलं?" फोनमधून आईने विचारलं.

"शेजारीण."

"दाखव मला."

मी फोन कुंपणावर धरला. वसईत बसून आईने कमरेत वाकून नमस्कार केला. म्हातारी गोंधळली, मग हातातली बादली खाली ठेवून तीही वाकली, जरा जास्तच. मी मध्ये उभी, हात अवघडलेला, आणि ओल्या गवतात पाय हळूहळू गार पडत होते.