निवट्यांचा डबा

बार्शीहून रात्री सुटलेली बस सकाळी सातच्या सुमारास नेरूळला हायवेवर थांबली. क्लीनरने माझी बॅग, ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि शेंगाचटणीची बरणी रस्त्याकडेला मांडली आणि बस मुंबईकडे निघून गेली. माझी लेक मनीषा गाडी घेऊन उभीच होती. पाच-सात मिनिटांत आम्ही पाम बीच रस्त्याला लागलो आणि झाडांच्या फटीतून खाडी दिसली.

पस्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला; निवृत्तीनंतर या पेपरात गावोगावचं लिहितो. फळ्यावर खाडी नेहमी निळ्या खडूने काढायचो. खरी खाडी तपकिरी निघाली. ओहोटी होती, पाणी लांब सरकलं होतं आणि मागे राहिलेला चिखल उन्हात चकाकत होता. रस्त्याच्या नावात 'बीच' आहे, पण वाळू औषधालाही नाही. चिखल, तिवरं (खारट पाण्यात वाढणारी झाडं) आणि त्यांच्यापलीकडे उथळ पाण्यात गुलाबी ठिपके. "रोहित पक्षी, बाबा," मनीषा म्हणाली. मी गाडी थांबवायला लावली आणि लहान मुलासारखा बघत राहिलो.

मनीषा आणि जावई चौदाव्या मजल्यावर राहतात. गॅलरीतून खाडी तर दिसतेच, हवा स्वच्छ असली की दूरवर न्हावा-शेवा बंदराच्या क्रेनही दिसतात. पण मला कौतुक वाटलं ते खालचं. बेकरी, दवाखाना, बँक, भाजी, कॉफीची तीन दुकानं, सगळं पायी. खाडीच्या कडेने दोन मैल लांब फरसबंद वाट; ना हॉर्न, ना धूळ. सकाळ-संध्याकाळ सगळी वसाहत त्या वाटेवर उतरते. म्हातारे हळू चालतात, तरुण धावतात, कुत्रीसुद्धा शिस्तीत चालतात. दुसऱ्या दिवशी मीही जावयाचे जुने बूट घालून त्यांच्यात सामील झालो. तिसऱ्या दिवशी समोरून येणाऱ्यांना मान हलवून "गुड मॉर्निंग" म्हणू लागलो. आपण इथलेच आहोत असं वाटायला इतका कमी वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात लेक-जावयाने मला खाडीसमोरच्या हॉटेलात जेवायला नेलं. सोलकढी उंच दांडीच्या काचेच्या पेल्यात आली. मग अख्खा खेकडा आला, सोबत अडकित्त्यासारखं एक हत्यार. वेटरने अदबीने विचारलं, "सर, फोडून देऊ?" मी म्हणालो, "नको, सवय आहे आम्हाला." बार्शीत कसली सवय! नांगी निसटली ती थेट शेजारच्या टेबलाखाली. शेजारची मंडळी हसली, मीही हसलो. मनीषा मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "बाबा, माहीत नाही म्हणालात तर काय बिघडतं?" माझ्याच वर्गात शोभलं असतं असं वाक्य होतं. मी ते कानाआड केलं.

आता दोन माणसांची ओळख करून द्यायला हवी.

पहिली रेखा. इमारतीच्या लॉबीत फरशी पुसणारी, तिशीच्या आतबाहेरची बाई. मी फोनवर बायकोशी बोलत होतो, ते ऐकून ती थांबली.

"गुरुजी, बार्शीकडलं का तुमी?"

"कसं ओळखलं?"

"बोलन्यावरनं. माझं म्हायेर परांड्याजवळ." मी गुरुजी आहे हेही तिने अंदाजाने ताडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला कागदाच्या पुडीत शेंगाचटणी नेऊन दिली. तिने तिथेच पुडी उघडून वास घेतला आणि डोळे मिटले. त्यानंतर रोज लिफ्टपाशी, "गुरुजी, पाय दुखत न्हाईत न्हवं?" अशी चौकशी ठरलेली.

दुसऱ्या कुंदाबाई. आमच्या टॉवरच्या मागे दहा मिनिटांवर गावठाण (मूळ गावाची जुनी वस्ती) आहे. वसाहत उभी राहण्याआधी इथे त्यांच्या लोकांची भातशेती, मिठागरं आणि मासेमारी. तिथल्या एका ओटीवर कुंदाबाईंची चार टेबलांची खानावळ. त्या साठीच्या, आगरी, आवाज खणखणीत. दुपारी सोसायटीच्या वॉचमन लोकांचे डबेही त्याच पोचवतात. मी तिथे सुरमई आणि तांदळाची भाकरी खाल्ली आणि तृप्त झालो. तृप्त माणूस जास्त बोलतो. मी म्हणालो, "आम्ही पट्टीचे खाणारे. खाडीतलं काहीही आणा, खाऊन दाखवतो."

कुंदाबाई खूश झाल्या. "मास्तर, सुरमई तं सगलेच खातान. आमची खरी मच्छी निवट्या. पाव्हन्यांना कोन देत नाय, त्यांना आवडत नाय म्हनून. तुमाला परवा करून देते."

निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा बोटभर मासा. त्याचे डोळे डोक्याच्या वर आलेले असतात. मी रोज सकाळी वाटेवरून त्यांना बघायचो, फोटो काढायचो. ठरल्या दिवशी कुंदाबाईंनी स्टीलचा कडीचा डबा हातात ठेवला. झाकणावर नाव कोरलेलं, 'कुंदा'. "माझ्या लग्नातला हाय," त्या म्हणाल्या. "गरम हाय तवर खावा. लेकीला बी द्या."

मी खाडीच्या वाटेवर बाकावर बसलो आणि झाकण उघडलं. लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि त्यातून वर बघणारे ते डोळे. माझ्याने खाववेना. घरी न्यावं तर संध्याकाळी जावयाच्या ऑफिसातले लोक यायचे होते आणि मनीषाने सकाळीच बजावलं होतं, घरात मासळीचा वास नको. परत नेऊन द्यावं तर माझी फुशारकी उघडी पडणार. डबा रिकामा करावा तर येणाजाणाऱ्यांसमोर ओतावा लागणार. मी झाकण लावलं, सोसायटीच्या मागच्या फाटकाशी गेलो, आजूबाजूला पाहिलं आणि भरलेला डबा कचऱ्याच्या पिंपात सोडून दिला. अन्न टाकणाऱ्या पोरांना मी शाळेत ओणवं उभं करत असे.

दोन दिवस मी गावठाणाकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी कुंदाबाईंनीच मला फाटकाशी गाठलं.

"काय मास्तर, कसा झालता कालवन?"

"अहो, बोटं चाटत राहिलो!"

त्यांचा चेहरा असा उजळला, की त्याच क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण त्या पुढे म्हणाल्या, "मंग डबा?"

मी म्हणालो, "घासून दाराबाहेर ठेवला होता. कुणीतरी उचलला बहुतेक."

ही थाप मी ठरवून मारली नाही. ती तोंडातून आली, जशी हॉटेलात आली होती. "जाव दे," कुंदाबाई म्हणाल्या आणि वळल्या. पण लग्नातला डबा होता. वॉचमनना जेवण देताना त्यांनी तो विषय काढलाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची बेल वाजली. दारात सोसायटीचा सुपरवायझर, त्याच्या हातात तो डबा, आणि मागे रेखा. तळघरात सफाईवाल्या बायका जेवायला बसतात, तिथे ती या डब्यातून भाजीभाकरी खाताना सापडली होती.

"सर, ही म्हणते कचऱ्यात मिळाला. भरलेला होता म्हणे! भरलेला डबा कोण टाकतं? तुम्ही दाराबाहेरच ठेवला होता ना?"

रेखा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत भीती नव्हती. आपल्याकडचा माणूस आहे, गुरुजी आहे, आता खरं काय ते निघेल, असा भरवसा होता तिच्या तोंडावर. "गुरुजी, मी धुतला वो फक्त," ती म्हणाली. माझ्या मागे मनीषा येऊन उभी राहिली होती.

मी म्हणालो, "हो."

एवढंच. सुपरवायझरने मान डोलावली. रेखाने मात्र नजर हलवली नाही; लिफ्टचं दार लागेपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या सकाळी लॉबी एक परकी बाई पुसत होती. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "तिला काढली, काका. सोसायटीत असं चालत नाय." मी फिरायला गेलो. सगळे मान हलवून नमस्कार करत होते आणि मला कुणाकडे बघवत नव्हतं. अर्ध्या वाटेवरून परतलो आणि नाश्त्याच्या टेबलावर मनीषाला सगळं सांगितलं.

तिचा चहा गार झाला. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चार दिवसांनी जाल. आम्हाला इथेच राहायचंय. लोक काय म्हणतील?" कप बाजूला सारून तीच म्हणाली, "पण जा तुम्ही. आत्ताच जा."

सुपरवायझर ऐकून अवघडला. "काका, विषय संपलाय. सोडून द्या." मी कागद मागितला आणि लिहून दिलं, की डबा मी स्वतः पिंपात टाकला, रेखाने चोरी केली नाही, मी खोटं बोललो. खाली सही केली. पस्तीस वर्षं पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर केलेली तीच सही.

मग कुंदाबाईंकडे गेलो. त्या ओटीवर मासळी साफ करत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"निवट्या नाय खावल्या तं सांगायला काय झालता? मी पापलेट दिला असता."

"चुकलं माझं. डबा—"

"डब्याचा काय घेऊन बसलाव!" त्या एकदम ओरडल्या. "तुमी हो म्हनलाव, मंग मना फाटकावर बोलावला डबा बघायला. सगल्यांसमोर मी त्या पोरीला चोर म्हनला. ती रडत सांगत व्हती, कचऱ्यात गावला. मी म्हनला, माझा जेवन मास्तर कचऱ्यात टाकील? माझ्या तोंडून तुमी पाप करवलाव."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. हात धुतले, एक पिशवी उचलली, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला."

रेखा तुर्भ्याला राहत होती. वॉचमनकडून पत्ता घेऊन आम्ही रिक्षाने गेलो. पत्र्याच्या खोल्यांची गल्ली होती. रेखा दारात तांदूळ निवडत बसलेली. मी काही बोलायच्या आत कुंदाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "बाय, चुकला माझा." मग मी बोललो. वाक्य जुळवत आलो होतो, त्यातलं एकही धड आलं नाही. सोसायटीत लिहून दिलंय, परत बोलावतील, एवढं सांगितलं.

"त्या फाटकातनं परत आत जाववनार न्हाई मला," रेखा म्हणाली. "एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांदा निवडायचं काम बघितलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरुजी, आमच्या गावच्या अजून दोघीजनी तिथंच कामाला हायत. गावाकडं कळलं आसंल आता. माजी आई बार्शीच्या बाजाराला भाजी घिऊन येती. तिला तेवडं सांगा."

कुंदाबाईंनी पिशवीतून तोच डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. रेखाने तो घेतला नाही. जबरदस्ती कुंदाबाईंनीही केली नाही.

राहिलेले तीन दिवस मी चौदाव्या मजल्यावरच काढले. निघताना मनीषाने बॅग उचलली आणि बस येईपर्यंत माझा हात धरून उभी राहिली.

बार्शीत पोचल्यावर पहिल्याच बाजारी मी रेखाच्या आईला शोधून काढलं. मेथीच्या जुड्या मांडून बसलेली वाळकी बाई. आजूबाजूच्या बाया ऐकत होत्या. त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं. ती जुड्यांवर पाणी शिंपडत ऐकत राहिली.

"मला वाटलंच हुतं, पोर तशी न्हाई," ती म्हणाली. मग तिचा हात थांबला. "पर मास्तर, तिनं शपथ घिऊन सांगितलं, तरी मी दोनदा इचारलं तिला. खरंच घेतला न्हाईस न्हवं, म्हनून. आईनं इचारलं."

तिने कमरेचा फोन काढला, शेजारणीकडून नंबर लावून घेतला आणि भर बाजारात मोठ्याने म्हणाली, "रेखे, चुकलं गं माजं." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. माझ्या एका 'हो'पायी माफी मागणारी ही दुसरी बाई होती, आणि दोघींचा गुन्हा काहीच नव्हता.

फोन ठेवल्यावर तिने मला नीट न्याहाळलं. "तुमी पेपरात गावोगावचं लिवता म्हनं. मग ह्ये बी लिवा."

"नाव घालू का तिचं?"

"घाला की. चोर म्हनताना समद्यांनी नावच घेतलं हुतं."

म्हणून घालतो. तिचं नाव रेखा. तिने डबा चोरला नव्हता. तो मी टाकला होता.