ओव्हाळ सरांचा बाकावरचा हंगाम

रत्नाकर ओव्हाळ सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते शिरूरच्या आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर. प्रवेश घेऊन चारच दिवस झाले होते. न्हावऱ्याच्या एसटीला अवकाश होता म्हणून मी कडेला उभी होते. एक चेंडू घरंगळत पायाशी आला. घरी वैरणीचा भारा ट्रॉलीत फेकावा तसा मी तो दोन्ही हातांनी भिरकावला. खेळणाऱ्या मुलींच्या डोक्यावरून जाऊन तो पलीकडच्या कुंपणावर आदळला. मुली हसल्या. गळ्यात शिट्टी अडकवलेले, किंचित लंगडणारे एक उंच गृहस्थ माझ्याकडे आले. आता बोलणी बसणार, असे मला वाटले.

"कुठल्या गावच्या तुम्ही?"

"न्हावऱ्याची."

"उद्या बूट घालून या. नसले तर अनवाणी या. पण या."

मी सतरा वर्षांची होते. मला 'तुम्ही' म्हणणारे ते आयुष्यातले पहिले मोठे माणूस. सर सगळ्याच विद्यार्थ्यांना अहो-जाहो करीत, हे मला नंतर कळले. पण त्या दिवशी एसटीत बसल्यावर मी तो शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला होता.

सरांचा जन्म दौंडच्या रेल्वे कॉलनीतला. वडील लोको शेडमध्ये फिटर होते. शिक्षणाचा ध्यास घेतलेले ते एक बौद्ध कुटुंब. कॉलनीतल्या सिमेंटच्या मैदानावर सर बास्केटबॉल शिकले, महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार झाले आणि पदवीनंतर बहारीनच्या एका व्यावसायिक क्लबकडून तीन हंगाम खेळले. ही माहितीसुद्धा आम्हाला महाविद्यालयाच्या शिपाईमामांकडून मिळाली. सरांना विचारले की एकच उत्तर मिळे, "ऊन फार होतं तिकडं. चला, दहा चकरा मारा."

त्या मौनामागे काय होते, ते मला कसे कळले, त्याची हकिगत सांगण्यासाठीच हा लेख.

मी दुसऱ्या वर्षात असताना आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. उपांत्य सामन्यात मी एक आगळीक केली होती. माझी मैत्रीण रिंगखाली मोकळी उभी असताना तिला चेंडू न देता मी स्वतःच फेकला, आणि तो हुकला. सामना कसाबसा जिंकलो. सर काही बोलले नाहीत. अंतिम सामन्याला मात्र त्यांनी मला पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बाकावर बसवून ठेवले. आम्ही चार गुणांनी हरलो.

त्या दिवशी माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कांद्याची काढणी टाकून आयुष्यातला पहिला सामना बघायला आले होते. परतताना गाव जवळ आल्यावर ते एवढेच म्हणाले, "निस्तं बसायलाच जायाचं, तर इतक्या लांब कशापायी?"

मी मैदान सोडले. महाविद्यालयही जवळजवळ सोडलेच. घरात पाहुणे बघायला येण्याची बोलणी सुरू झाली आणि मीही हट्टाने हो म्हणून बसले. सरांचा राग इतका होता की त्यापुढे दुसरे काही दिसत नव्हते.

आठव्या दिवशी दुपारी सर न्हावऱ्याला एसटीतून उतरले आणि तो दुखरा पाय घेऊन उसाच्या कडेकडेने आमच्या वस्तीपर्यंत चालत आले. आबांनी बाज पुढे केली, पाणी दिले आणि सरळच विचारले, "सर, काय चुकलं व्हतं पोरीचं?"

"यांचं चुकलं होतं, आबा. पण ते दोन मिनिटांत सांगून संपलं असतं. मी सगळा सामना यांना बसवून ठेवलं. माझं जास्त चुकलं. आणि बसवून ठेवल्यावर काय वाटतं, ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून आलो."

मग आमच्या ओट्यावर बसून सरांनी बहारीनची गोष्ट सांगितली.

शिरूर-दौंडात सगळ्यांत उंच असलेले सर तिथल्या पहिल्या सरावाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापेक्षा बुटका एकच खेळाडू होता. युरोपातून आलेल्या प्रशिक्षकांनी त्यांना सांगितले की रिंगखाली खेळण्याइतके तुम्ही उंच नाही, आणि लांबून खेळायचे तर तुमचा डावा हात निकामी आहे. अख्खा पहिला हंगाम ते बाकावर होते. जिंकण्या-हरण्याचा प्रश्न मिटला की शेवटी दोन मिनिटे उतरवीत, एवढेच. इकडे दौंडला वडील शेडमध्ये सगळ्यांना सांगत होते, "आमचा रत्नाकर परदेशात खेळतोय." सर घरी पत्र लिहीत, 'चांगले चालले आहे.' ते पत्र वडील शेजाऱ्यांना वाचून दाखवीत. सर म्हणाले, "त्या एका वाक्याची मला जितकी लाज वाटली, तितकी हरल्याची कधी वाटली नाही."

रोज पहाटे, ऊन चढायच्या आत, सर एका रिकाम्या वाहनतळावर फक्त डाव्या हाताने चेंडू खेळवीत. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर ते सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत आले. त्यांचा फोटो तिथल्या वर्तमानपत्रात छापून आला, तो त्यांनी घरी पाठवला. मजकूर अरबी. वडील ते कात्रण घेऊन शेडमधल्या शेखमामांकडे गेले. शेखमामांना अरबीचा अर्थ लागत नसे, पण अक्षरे लागत. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवले आणि "ओव्हाळ" असे मोठ्याने म्हटल्यावर शेडमध्ये टाळ्या पडल्या.

तिसऱ्या हंगामात गुडघा फिरला आणि खेळ संपला. घरी आल्यावर सरांनी वडिलांना खरे सांगून टाकले, की पहिले वर्षभर मी नुसता बसून होतो. वडील म्हणाले, "मला म्हाईत व्हतं. खेळणाऱ्या पोराच्या पत्रात खेळ असतोय. तुझ्या पत्रात निस्तं जेवान व्हतं."

हे ऐकून आबांनी आत पाहून आईला चहा टाकायला सांगितला आणि सरांना विचारले, "म्होरल्या मॅचला ही खेळंल का?"

"किती वेळ, ते सांगत नाही. पण खेळतील."

"मग मी बी येतो बघाया." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पाहुण्यांना निरोप धाडला, की पोरीचं शिक्षण व्हऊ द्या, मग बघू.

त्यानंतर सरांनी एक शिस्त स्वतःला लावून घेतली. संघातली प्रत्येक मुलगी प्रत्येक सामन्यात उतरलीच पाहिजे, आणि तीही निकाल लागायच्या आत. या हट्टापायी आम्ही पुढच्या वर्षीचा अंतिम सामनाही गमावला. परदेशात खेळून आलेल्या माणसाने एकही मोठा करंडक आणला नाही, असे लोक त्यांच्या तोंडावर बोलले. सर ऐकून घेत. आम्हालाही तेव्हा चुटपूट लागे. आज आम्ही मैत्रिणी भेटतो, तेव्हा त्या हरलेल्या सामन्याची आठवण निघते आणि प्रत्येकीला स्वतःची पाच मिनिटे जशीच्या तशी सांगता येतात.

मी आता शिक्रापूरच्या एका शाळेत खेळ शिकवते. कारखान्यांत कामाला आलेल्या, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांतल्या मुली माझ्याकडे असतात. निवृत्तीनंतर सर दौंडहून आठवड्यातून दोनदा, एसटी बदलत, ट्रकांच्या गर्दीतून त्यांना शिकवायला येत होते. यंदा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून खंड पडला आहे. "मॅडम, सर कब आएँगे?" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो.

परवा सरांचा फोन आला. साठीच्या शुभेच्छा द्यायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "आज जिन्याच्या अकरा पायऱ्या चढलो. काल नऊ होत्या." करंडक मिळाल्यासारखा आनंद त्यांच्या आवाजात होता.

सर, तुमच्या पायऱ्या अशाच वाढत राहोत. पुढची कित्येक वर्षे तुम्ही धडधाकट राहावे आणि रोजचा आकडा आम्हाला फोन करून कळवावा. घाई अजिबात नको. मुलींना मी थांबायला सांगितले आहे, आणि त्या थांबल्या आहेत.