टाकीला कानटोपी

आधी शपथ घ्या, हसून झाल्यावर हे माझ्या ऑफिसात कोणाला सांगणार नाही. कारण मी व्हॉल्व्हचा इंजिनिअर आहे! पुण्यात होतो तेव्हा व्हॉल्व्ह, इथे ऑस्ट्रेलियात बॅलारॅटला पाणीपुरवठ्याच्या नोकरीवर आलो तरी व्हॉल्व्हच. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी बजावतो, "पंपाला हात लावायच्या आधी मागचा व्हॉल्व्ह उघडा आहे का ते बघा." आणि मीच... जाऊ द्या, चहा घ्या, नीट सांगतो.

बॅलारॅट माहीत आहे ना? मेलबर्नच्या लोकांना फार थंडी वाजली की ते आमच्या गावाचं तापमान बघतात आणि त्यांना बरं वाटतं. अशा गावात मी जुनं घर घेतलं ते तिथल्या तेलाच्या बर्नरच्या प्रेमात पडून. मागच्या भिंतीला टेकून तेलाची टाकी, टाकीखाली गुडघ्याच्या उंचीवर गोल मुठीचा व्हॉल्व्ह, तिथून तांब्याची नळी घरात. आत पंप ते तेल ओढतो, त्याचा बारीक फवारा पेटतो आणि घरभर ऊब पसरते. बर्नरला एक छोटीशी काच आहे. तिच्यातून ज्योत दिसते. मी त्या काचेसमोर बसलो की बसलोच. कुठे जातो माझा मीच, कोण जाणे!

"याचं लग्न माझ्याशी झालंय आणि संसार त्या बर्नरशी चाललाय," असं माझी बायको मृणाल सगळ्यांना सांगते. तिला तो काढून गरम हवा देणारा एसी लावायचाय.

तर यंदा जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, आई आली. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच, सबंध हिवाळा राहायला. मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "आई, घर इतकं उबदार आहे की तू पंखा लाव म्हणशील."

आई आली आणि त्याच संध्याकाळी बर्नर विझला.

पंप कण्हल्यासारखा आवाज करायचा, ज्योत दोनदा खोकायची आणि संपलं. रीसेटचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, हात जोडले. काही नाही. आई दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून पांघरुणात शिरली.

दुसऱ्या दिवशी ट्रेव्हर आला. बर्नरवाला. उंच, लाल गालांचा, दर वाक्यात मेट म्हणणारा. टाकीपाशी वाकला आणि खूश होऊन म्हणाला, "गुड ऑन यू, मेट! मी यायच्या आधीच टँक व्हॉल्व्ह बंद करून ठेवलास. लोकांना हे सुचत नाही."

मी बंद केला होता? मला तर आठवेना. पण सकाळी सकाळी कोणी कौतुक करत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

"नो वरीज," मी म्हणालो.

त्याने फिल्टर बदलला, व्हॉल्व्ह उघडला, नळीतली हवा काढली. भुर्रकन ज्योत लागली! आईने शाल काढली, दुपारी थालीपीठं लावली. मी धन्य.

आणि संध्याकाळी? गार!

"अरे, तुझ्या त्या यंत्राला माझं येणं आवडलेलं दिसत नाही," आई म्हणाली. हसतच म्हणाली, पण ओठ निळे पडले होते.

आता मला झोप कुठली! मी निदान केलं की पंपच कमजोर. तेल ओढायची ताकदच नाही त्याच्यात. ट्रेव्हर पुन्हा आला. व्हॉल्व्ह पुन्हा बंद, माझं पुन्हा कौतुक. मग आम्ही दोघं शेडमध्ये बसून नवा पंप निवडायला लागलो. पंप निवडणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं असतं, सांगतो. दांडा उजवीकडे फिरतो की डावीकडे? दाब किती देतो? नळी एक की दोन? टाकी वर आहे की खाली? सगळं जुळलं तर पुढे बोलायचं. मी म्हणालो, जास्त ताकदीचा घेऊ. ट्रेव्हर म्हणाला, यू आर द इंजिनिअर, मेट. नवा पंप बसला, सोबत मी हौसेने ज्योत बंद होताच तेल तोडणारा विजेचा व्हॉल्व्हही बसवून घेतला.

त्या संध्याकाळी नवा पंप जुन्यापेक्षा जोरात कण्हला आणि बंद पडला.

जेवताना आई हळूच म्हणाली, "मी काय म्हणते, मिलिंद, तिकीट अलीकडचं मिळतं का बघ. मला काही त्रास नाही हो. आपलं असंच."

आईला असंच कधीच काही नसतं. मृणाल माझ्याकडे वळून म्हणाली, "हे बघ, घरात एक तर बर्नर राहील नाही तर आई. तू ठरव."

शेवटचा प्रयत्न म्हणून ट्रेव्हरला बोलावलं. तोही आता पेटला होता. "आज मी इथेच बसतो. विझू दे माझ्यासमोर!" म्हणाला. नेहमीसारखा बंद व्हॉल्व्ह उघडून त्याने ज्योत लावली आणि दुपारभर आम्ही त्या काचेसमोर बसून राहिलो. ज्योत अशी काही शांत जळत होती की बोलावंसंच वाटेना. आईने केलेले कांदेपोहे ट्रेव्हरने दोनदा घेतले. बर्नर काही विझला नाही. शेवटी तो कंटाळून निघाला.

त्याला सोडून मी परसात गेलो. माझी ती आवडती वेळ. पलीकडच्या पॅडॉकमधून, म्हणजे गुरांच्या कुरणातून, धुकं हळूहळू कुंपणापर्यंत येतं, निलगिरीवर मॅगपाय पक्षी गळा साफ करून गातात आणि आकाश असं जांभळं होतं की आपण कोण, कुठले, काही राहत नाही. त्यात आई आल्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोडणीचा वास बाहेर येत होता. हिंग, मोहरी, कढीपत्ता. मी पुन्हा आठ वर्षांचा, पुन्हा आमच्या सदाशिव पेठेतल्या ओट्यापाशी. किती वेळ उभा होतो देव जाणे.

आत आलो. पंप कण्हला, ज्योत खोकली, विझली.

मी खुर्चीत बसकण मारली. "संपलं. मृणाल, उद्या हा बर्नर काढून टाकू."

आईने माझ्यासमोर चहा ठेवला. "बरं होईल. तुलाही रोज संध्याकाळी ती चावी बंद करायला बाहेर जायला नको."

"कुठली चावी?"

"टाकीची रे! रोज बंद करून येतोस ना? मी खिडकीतून बघते की."

मृणालने हातातला चमचा खाली ठेवला.

"लहानपणी याच्याकडेच काम होतं," आई तिला कौतुकाने सांगायला लागली. "माझी संध्याकाळची फोडणी झाली की हा ओट्याखाली हात घालून सिलिंडर बंद करायचा. न बघता! अजून विसरला नाही हो. आकाशाकडे बघत असतो, पण हात बरोबर खाली जातो."

"आई, मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मीच लावलेली शिस्त. आता मला थंडी वाजते म्हणून मोडायला कशी सांगू?"

मी धावत जाऊन व्हॉल्व्ह उघडला. मृणाल भिंतीला धरून हसत होती. तिकीट अर्थातच बदललं नाही. आईने आपली जांभळी कानटोपी काढून त्या व्हॉल्व्हवर चढवली, माझ्या हाताला कळावं म्हणून.

ट्रेव्हरला मी फोनवर एवढंच सांगितलं की चालायला लागला. पण पुढच्या आठवड्यात तो स्वतःहून नवा पंप बघायला आला. टाकीपाशी टोपी बघून थबकला.

"बीनी? फ्रॉस्ट लागू नये म्हणून? ब्रिलियंट, मेट! इंजिनिअर तो इंजिनिअर!"

"थँक्स," मी म्हणालो. काय करणार, सवय!

खिडकी उघडली. "नो नो!" आई ओरडली. "नॉट फॉर थंडी! फॉर माय सन!" आणि तिने हाताने चावी फिरवण्याची साग्रसंगीत नक्कल करून दाखवली.

ट्रेव्हरने टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्याच्या डोळ्यांसमोरून एक फिल्टर आणि एक पंप गेले असावेत.

"मेट, म्हणजे जुना पंप ठणठणीत होता?"

मी आकाशाकडे बघितलं. धुकं कुंपणाशी आलं होतं. मॅगपाय गात होते. आतून आईच्या फोडणीचा चर्रर्र आवाज आला, मागोमाग तो वास...

"मेट," ट्रेव्हर अगदी हळू, झोपलेल्या माणसाला उठवावं तसा म्हणाला, "युअर हँड."

मी खाली बघितलं. एका हातात आईची कानटोपी होती आणि दुसऱ्याने व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून झाला होता.